अम्मांच्या नखाचा फोटो

"गार लागेल हं काकू," म्हणत डॉक्टर निधीने अम्मांच्या अंगठ्याच्या नखावर जेलचा जाड थर दिला.

"असूं दे गो. येवढेंच सांग, हें दुसऱ्याला होतें का?"

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, कनका. घराणं तंजावरचं. चेन्नईतल्या मराठी घरांमध्ये सोवळ्यात श्राद्धाचा स्वयंपाक करण्यात त्यांचा जन्म गेला. मी साताऱ्याची; लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांची मराठी धड कळायची नाही, पण त्यांच्या हातचे वडे बरोब्बर कळायचे! वर्षभरात त्यांच्या नखांना खड्डे पडले, कडेने ती सुटू लागली. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले सोरायसिस, आणि आत किती पसरलाय ते बघायला आम्हाला एग्मोरला स्कॅनसाठी पाठवलं. तेवढ्यात नुंगंबाक्कमच्या विशालाक्षीबाईंचा निरोप आला, यंदा त्यांच्या मामंजींच्या श्राद्धाच्या तिथीला, अम्मांची नखं अशी म्हणून, दुसरी बाई सांगितली आहे. माझं तर डोकंच फिरलं. हा काय लागणारा रोग आहे?

निधी तिथली स्कॅनची डॉक्टर, पुण्याची. तिने मशीनचा पडदा आमच्याकडे वळवला. "या दोन पांढऱ्या रेघा म्हणजे नख. इथे त्या तुटल्यात. खालचा भाग जाड झालाय, आणि सांध्याजवळही सूज आहे. औषध लगेच सुरू करा, नाहीतर बोटं आखडतील."

"नखं पहिल्यासारखी होतील?" मी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार."

"पण दुसऱ्याला?" अम्मांचं आपलं तेच.

"अजिबात नाही होत."

अम्मा लहान मुलीसारख्या हसल्या. बोटं आखडण्याचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. तिथी त्याच दिवशी होती. फोटो घेऊन आम्ही ऑटोने थेट नुंगंबाक्कम गाठलं.

विशालाक्षीबाईंनी फोटो पाहिलासुद्धा नाही. "मला ठाऊक आहे गो कनका, हें कोणाला होत नाही. माझ्या लेकाच्या कोपरावर हेंच आहे. पण पितरांचें पान! तिथें असा हात चालत नाही. मी काय करूं, सांग?"

त्यांचे डोळे भरून आले. खोटे नव्हते, तेच वाईट. मी चांगली भांडायच्या तयारीने गेले होते. आता भांडू कुणाशी? वर गेलेल्यांना कुठला स्कॅन दाखवू?

इतक्यात नव्या स्वयंपाकिणीने आतूनच विशालाक्षीबाईंना विचारलं, "मामी, आंबट वरणाला मीठ किती घालूं?"

श्राद्धाचं अन्न आधी चाखत नाहीत, सगळा हाताचा अंदाज. अम्मा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर फरशीवर बसल्या. पदराखालचा हात त्यांनी बाहेर काढला आणि बोटं जुळवून रिकामी मूठ दाखवली.

"येवढें."

ती बाई नखांकडेच बघत राहिली.

"येवढें गो," अम्मा पुन्हा म्हणाल्या, आणि हात आणखी वर धरला.