आपण आधी खेळावं

कोलकात्यातल्या श्यामबाजारच्या क्लबात कॅरम खेळताना बुबाई आणि घोंटन हे जिवलग मित्र एकमेकांचा असा उद्धार करत, की बुबाईचे आजोबा निरापदबाबू कान झाकून घेत. एक दिवस ही पोरं एकमेकांचा जीव घेतील, अशी त्यांना धास्ती होती.

आज बुबाई घोंटनला अदबीने म्हणाला, "आपण आधी खेळावं."

"छे छे, आपण थोर माणसं. आपणच खेळा," घोंटन म्हणाला.

"लागलं बाबा वळण!" निरापदबाबू खुलले.

बाकीची पोरं भिंतीकडे सरकत आजोबांना म्हणाली, "दादू, आवरा त्यांना! शिव्या बंद म्हणजे दोस्ती तुटली!"

निरापदबाबू हसतात न हसतात तोच चहाचा पेला फुटला. त्याची काच बुबाईने घोंटनच्या गालात खुपसली.

निरापदबाबूंनी धोतराचा सोगा जखमेवर दाबला. रक्त थांबेना. "शिव्या दे रे त्याला," ते रडत घोंटनला म्हणाले, "तोंडभर दे."