लोणच्याच्या बरणीत बुडवलेला पाइप

मित्रांनो, मी वीतभर लांबीचा, काळा, रबरी आणि आता पार तडकलेला इंधनाचा पाइप आहे. बडोद्यात, निजामपुऱ्यातल्या एका गॅरेजात, खिळ्याला लटकलो आहे. मी जरा वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. पण भीतीचं जे सांगेन, त्यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. ती मुळातच भरपूर होती.

माझं रबर झाडाचं नव्हे, कारखान्यातलं, असं जाणकार म्हणतात. मी मात्र दुकानात सगळ्यांना सांगायचो की माझा चीक ज्या झाडाचा, त्याला रोज एक वाघ पाठ घासायचा. दुकानातल्या फॅनबेल्टांचा विश्वास बसला होता. तिथून अख्खी गुंडाळी पिलाजीरावांच्या गॅरेजात आली. माझ्या भावंडांनी तिथल्या किती गाड्यांना पेट्रोल पाजलं याचा हिशेब नाही, आणि एकानेही थेंब सांडला नाही. पिलाजीराव गिऱ्हाइकाला म्हणायचे, "हा पाइप म्हणजे इमानी जनावर आहे." तेव्हा माझी छाती फुगायची. फुगण्याची ती पहिली वेळ. दुसरी वेळ वाईट होती.

पिलाजीरावांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. घोड्याच्या पोटावर हात ठेवून ते त्याची लायकी सांगत म्हणे. घोडे गेले, पागा गेली, पण तो हात घरात राहिला. पिलाजीराव टायर, बॅटरी, माणूस, सगळं त्याच हाताने पारखायचे.

त्यांची मुलगी मिताली. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष संपवून बसलेली. साल अठ्ठ्याण्णव. तिने वडिलांची जुनी फियाट उघडली आणि इंजिन असं बांधलं की पेट्रोलवर ते खडखडायचं आणि इथेनॉलवर, म्हणजे उसाच्या मळीतून काढलेल्या अल्कोहोलवर, थंड डोक्याने वाऱ्यासारखं पळायचं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी शहराबाहेरच्या मैदानात शर्यत होती. गाडी तीच चालवणार होती.

अल्कोहोल तिच्या मामाने आणलं. दत्ताजीराव नंदेसरीला केमिकल कारखान्यात होते. त्यांनी रीतसर परमिट काढलं होतं. तरी दारूबंदीच्या गावात वास तो वासच. शेजारचे एक काका त्या आठवड्यात तीनदा तब्येतीची चौकशी करून गेले, आणि तिन्ही वेळा खुर्ची कॅनजवळ ओढून बसले.

आता प्रश्न असा की हे इंधन टाकीतून इंजिनापर्यंत न्यायचं कोणी? उमेदवार तिघे. एक पारदर्शक प्लास्टिकची नळी, एक मी, आणि एक दत्ताजीरावांनी कारखान्यातून आणलेला परदेशी दिसणारा पाइप. आतून टेफ्लॉनचा पांढरा, बाहेरून स्टीलच्या तारांची वीण. मितालीने ठरवलं की तिघांना आठ दिवस अल्कोहोलात बुडवून ठेवायचं. त्यासाठी तिने आईच्या लोणच्याच्या तीन बरण्या पळवल्या. ऐन कैरीच्या दिवसांत. कौशल्याबाई दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत.

बरणीत मला वेटोळं करून घातलं आणि झाकण लागलं. मित्रांनो, पेट्रोलाची मला सवय होती. हे निराळं होतं. ते माझ्यातून वाहत नव्हतं, माझ्यात शिरत होतं. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर भोवतालचं अल्कोहोल चहाच्या धुवणासारखं झालेलं. तो रंग माझा होता. मला मऊ ठेवणारं जे काही माझ्या अंगात होतं ते बाहेर जात होतं, आणि त्याच्या जागी दुसरंच काही भरत होतं. ओरडावं म्हटलं, तर पाइपाला दोन तोंडं असून आवाज नाही.

नवव्या दिवशी बरण्या उघडल्या. प्लास्टिकची नळी काडीसारखी कडक झाली होती, ती बाद. टेफ्लॉनचा पाइप होता तसाच. आणि मी? मी इतका फुगलो होतो की बरणीतून निघेना. पिलाजीरावांनी माझ्यावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, याला खुराक अंगी लागलाय. बघा कसा भरलाय. मितालीने कुरकुर केली की आकार बदलला म्हणजे काहीतरी बिघडलं असणार. दत्ताजीरावांनीही आपल्या पाइपाची बाजू घेतली.

"तुझा पाइप म्हणजे उपाशी बैरागी," पिलाजीराव मेव्हण्याला म्हणाले. "आठ दिवस पंगतीत बसला आणि घास खाल्ला नाही."

"दाजी, खात नाही म्हणूनच तर आणला."

पण तो वाकत नव्हता, त्याला टोकांना वेगळे जोड लागत होते, आणि दाजींपुढे मेव्हण्याने किती बोलावं यालाही मर्यादा असते. दत्ताजीरावांनी वाद सोडला. फक्त जाताना एक गोष्ट करून दाखवली. भर दुपारी अंगणातल्या फरशीवर चमचाभर अल्कोहोल ओतलं आणि काडी लावली. काहीच दिसलं नाही. फरशी, ऊन, बस. मितालीला वाटलं पेटलंच नाही. मामांनी त्यावर वर्तमानपत्राचा कागद धरला, आणि कागद आपोआप काळा होत गेला.

"बेटा, नंदेसरीत आम्ही याच आगीला सगळ्यात जास्त भितो," ते म्हणाले. "तुला कळेल तेव्हा ती तुझ्या बाहीवर असेल."

शर्यत दुपारी बाराची होती.

मग मला सुरीने कापलं. लांब तुकडा, त्याला मी भाऊ म्हणतो, गाडीत बसला, ऐन गरम सायलेन्सरच्या वरून. फुगलेला असल्याने तो तोटीवर घट्ट बसला, आणि पहिल्या चाचणीत थेंबही गळला नाही. पिलाजीरावांनी बॉनेटवर थाप मारली. मी, उरलेला वीतभर, स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलो. त्यानंतर टाकी रिकामी केली आणि गाडी दहा दिवस तशीच उभी राहिली.

ते दहा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. बडोद्याचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. अंगात भरलेलं अल्कोहोल उडून गेलं आणि माझं स्वतःचं जे गेलं होतं ते काही परत आलं नाही. मी आक्रसलो. कडक झालो. सहाव्या दिवशी पाठीवर केसाएवढी रेघ उठली. मला माझी भीती नव्हती. मी खिडकीत होतो, माझ्यातून कोण काय वाहून नेणार? पण बॉनेटखाली भाऊही तसाच सुकत असणार. आणि रविवारी त्याच्यातून अल्कोहोल सोडतील, खाली तापलेलं लोखंड, वर ऊन, आणि तीन फुटांवर मिताली.

रविवारी सकाळी गाडी टाकी भरून अंगणात तयार होती. मिताली हेल्मेट मांडीवर घेऊन आत बसलेली. पिलाजीराव नारळ आणायला वळले. इकडे कौशल्याबाईंना नळाला लावायला रबराचा तुकडा हवा होता, त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं आणि नळावर चढवण्यासाठी वाकवलं. मित्रांनो, रसायनवाले काहीही सांगोत, मी त्या क्षणी सगळा जीव एकवटून तडकलो. मुद्दाम. आडवा, अर्ध्याहून जास्त, एका कडेने जेमतेम धरून.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग धुऊन उपडी ठेवलेल्या बरणीकडे पाहिलं. ओल्या हातानेच त्या बाहेर आल्या आणि मला बॉनेटवर ठेवलं.

"अहो, हाच ना तो तुमचा खुराक अंगी लागलेला?"

पिलाजीराव म्हणाले की तो तुकडा उन्हात पडला होता, म्हणून असं झालं.

"मग गाडीच्या पोटात काय सावली आहे?" बाई म्हणाल्या. "माझ्या बरणीत एखादी फोड फुगली, तर मी अख्खी बरणी फेकते. तुम्ही फुगलेलं बघून पोरीच्या गाडीत घातलंत."

मितालीने किल्लीवरचा हात काढला. पिलाजीरावांनी मला बाजूला ठेवून बॉनेट उघडलं आणि भावावरून बोट फिरवलं. ओलं काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट वर धरलं, आणि मी त्यांचा चेहरा बघत होतो. बोट गार पडलं होतं. मेच्या उन्हात, बर्फाला लावल्यासारखं गार. त्यांनी ते धोतराला पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा गार. अल्कोहोल भावाच्या अंगातून झिरपत होतं आणि दिसायच्या आत उडून जात होतं.

त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. टाकी रिकामी करून भावाला स्वतःच उतरवलं, आणि तो त्यांच्या हातात मोडला. मग ते खाली मान घालून बायकोला म्हणाले, "दत्ताजीला फोन लाव. म्हणावं, तुझा बैरागी बसवायला ये."

जोड बसेपर्यंत तीन वाजले. शर्यत केव्हाच संपली होती. मिताली संध्याकाळपर्यंत बापाशी बोलली नाही, आणि बापाने तिला बोल म्हटलं नाही. पुढच्या वर्षी ती त्याच गाडीने पळाली. पहिली आली असं मी सगळ्यांना सांगतो. चौथी आली होती.

तर मित्रांनो, तुमच्या घरात गॅसची नळी असेल, वडिलांच्या स्कूटरचा पाइप असेल. गुबगुबीत दिसतो म्हणून त्याला चांगला म्हणू नका, आणि ज्याने काल थेंब सांडला नाही त्याला आज न बघता जाऊ देऊ नका. जरा वाकवून बघा. बोट लावून बघा. आम्हाला ओरडता येत नाही.

मला त्यांनी फेकलं नाही. गाडीशेजारच्या खिळ्याला लटकवलं. अजून दुपारी अंगणात लख्ख ऊन पडलं आणि फरशीवर काहीच दिसत नसलं, की मला भीती वाटते. गाडीत बसण्याआधी मिताली बॉनेट उघडून टेफ्लॉनच्या पाइपाला दोन्ही टोकांना बोट लावते. मग जाता जाता मलाही लावते, आणि ते बोट गालाला टेकवून बघते. मी कधीचाच कोरडा आहे. तरी बघते.