टाके कुणी उसवले

टेलरमास्तरांच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन म्हणजे किरकोळ काम, चार दिवसांत घरी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आता महिना होत आला तरी बायको दवाखान्यात खाटेवरच होती. जखमेत पू झाला, टाके उसवले, महागडी इंजेक्शनं सुरू झाली. एक शिलाई मशीन विकून झालं होतं आणि दुसरं विकायची वेळ आली होती. तेही गेलं की दुकानात कात्री आणि आरसा, बस्स.

मास्तरांचं डोकं पार चक्रावलं होतं. ‘ही लागण घरून आणलेली नाही, इथलीच आहे,’ हे डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. मग भुर्दंड आपल्याला का? गिऱ्हाइकाच्या पँटला इस्त्रीचा डाग पडला तर मास्तर निमूट कापड भरून देत. इथे डागही यांनीच पाडायचा आणि वर शिलाई दुप्पट! चोर तर चोर, वर शिरजोर. बरं, रागाच्या भरात बायकोला घरी न्यावं, तर जखम उघडी. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

शेवटी ते केबिनमध्ये घुसलेच. “तुमचे टाकेच कच्चे होते बाई! माझ्या हातचे असते तर वर्षभर हलले नसते.”

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. “मास्तर, कुणाच्या हातून गेलं ते कळत नाही. सिस्टरच्या असेल, माझ्याही असेल. पट्टीला बाहेरच्या कुणी हात लावला होता का?”

“बाहेरच्या कुणी? छे!”

“मग चूक आमचीच. इंजेक्शनांचे पैसे घेऊ नका, असं मी वर कळवते.”

मशीन वाचलं. मास्तर हात जोडून बाहेर आले, आणि जोडलेल्या हातांकडे बघता बघता मध्येच थबकले. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुकानातून तडक येऊन त्यांनी पट्टी उचलली होती. बायको झोपलेली. दुसऱ्याची शिवण दिसली की हात शिवशिवतोच. टाक्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला होता. पण ती सिस्टरही तेच हातमोजे घालून खाटेखाटेवर फिरत होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग नक्की कुणामुळे? दोघांमुळे? त्यांना काही सुधरेना.

खाटेवरून बायको म्हणाली, “काय म्हणाल्या बाई?”

“पैसे माफ करतायत. बाहेरच्या कुणी हात लावला का विचारत होत्या. मी नाही म्हटलं. मी काय बाहेरचा आहे?”

“नाही हो.” ती छताकडे बघत म्हणाली. “त्या दिवशी तुमचा अंगठा गार लागला होता मला.”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ही जागी होती, आणि महिनाभर एका शब्दानं बोलली नाही.

“अहो, खरं सांगा. कसे होते टाके?”

मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“सुबक होते गं,” ते म्हणाले. “अगदी एकसारखे.”