गवतात ठेवलेलं पाडस

माझ्या बायकोला सगळे सिस्टर म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. नवऱ्यानं बायकोला सिस्टर म्हणावं याची लोकांना गंमत वाटते. वाटू दे. तिनं अख्खी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात काढली, दिवस भरायच्या आत आलेल्या, पायमोज्यात मावतील एवढ्या जिवांना ऊब देण्यात. घरी आली तरी ती सिस्टरच असायची. मी नुसता शिंकलो की कपाळावर हात आलाच. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथं दिवसभर मी ओरडतो आणि घरी ती.

निवृत्त झाल्यावर तिनं एकच मागणं केलं. डोंगरातली तिन्ही राष्ट्रीय उद्यानं आपल्या गाडीतून रमतगमत बघायची. म्हणाली, काचेच्या पेटीतले जीव पुष्कळ बघितले, आता मोकळे बघायचेत. मी कुरकुर केली, कारण कुरकुर केल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही. तिला ते ठाऊक असल्यामुळे सामान आधीच भरून तयार होतं.

पहिल्या उद्यानात आम्ही पुढच्या गाड्यांच्या डिक्क्या बघितल्या. दुसऱ्यात रस्त्याकडेला ही गर्दी, सगळ्यांच्या डोळ्यांना दुर्बिणी, समोरच्या उतारावर अस्वल आहे म्हणे. मी म्हटलं, कसलं अस्वल, दगड आहे तो. तेवढ्यात दगड उठला आणि झाडाला पाठ घासायला लागला. सिस्टर इतकी हसली की तिला दुर्बीण धरता येईना. तिला असं हसताना मी किती तरी वर्षांनी बघत होतो. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या उद्यानात नुकतीच एक सर येऊन गेली होती. एका वळणावर ती म्हणाली, "अहो, थांबा."

रस्त्यापासून चार पावलांवर, उंच गवतात हरणाचं पाडस पडलं होतं. ओलंचिंब, मान जमिनीला टेकलेली, अंगावर बारीक थरथर. गाडीतून उतरायला मनाई होती, तशी पाटी मी फाटकावर वाचली होती. ते मी तिला सांगेपर्यंत ती गवतात गुडघे टेकून बसलीसुद्धा होती.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. तिनं विचार केला असेल असं मला वाटत नाही. त्या जिवाचं नाक तिनं रुमालानं पुसलं, पाठ चोळली, स्वेटरची बटणं काढून त्याला छातीशी धरलं आणि वरून बटणं लावून टाकली. वॉर्डात बाळ गार पडलं की आईच्या उघड्या छातीशी असंच धरायला ती सांगायची, आणि आई शुद्धीवर नसली तर स्वतःच धरायची. अंग गार आहे, श्वास भरभर चाललाय, आसपास आई नाही, असं तिनं मला सांगितलं. मीही चहूकडे बघितलं. नुसता डोंगर आणि गवत. अशा बाबतीत मी तिच्या शब्दाबाहेर जात नाही. मी गाडीतला हीटर लावला.

वनखात्याच्या चौकीपर्यंतचा रस्ता लांब होता. पाडसाची थरथर थांबली. ते तिचं बोट चोखायला लागलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मी थट्टेनं म्हटलं, आता हे आपल्यालाच आजी-आजोबा म्हणणार. आम्ही दोघंही खुशीत होतो. हे आठवलं की आता माझं मलाच कसंसं होतं.

चौकीवर वनरक्षक म्हणून एक तरुण बाई होती. स्वेटरमधून बाहेर आलेले दोन कान बघून ती रागावली नाही, नुसती खुर्चीत बसली. मग तिनं समजावून सांगितलं. ते पाडस टाकलेलं नव्हतं. हरणी पिल्लाला गवतात ठेवून चरायला जाते, आणि ती येईपर्यंत ते हलत नाही की ओरडत नाही. पावसात भिजलं तरी नाही. आई लांब असते, पण तिचं लक्ष तिथंच असतं. सिस्टरनं हे सगळं खाली मान घालून ऐकलं. तिनं एकदाच विचारलं, पाडस चौकीवर ठेवून वाढवता येईल का. वनरक्षक म्हणाली की तशी सोय नाही, आणि माणसाच्या हातावर वाढलेलं हरीण पुन्हा रानात जगत नाही. जिथून उचललं तिथंच ठेवायचं, लगेच, एवढाच उपाय होता.

जिथून उचललं ते वळण कुठलं हे मला सांगायचं होतं. एरवी मी विद्यार्थ्यांना रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा लक्षात ठेवायला लावतो. त्या घाटातली वळणं मात्र मला सगळी सारखीच दिसायला लागली. शेवटी चिखलात माझ्याच टायरच्या खुणा सापडल्या. वनरक्षकेची जीप मागे थांबली.

सिस्टरनं पाडसाला गवतात ठेवलं आणि ती मागे सरली. ते उठलं, लटपटत तिच्याकडे आलं. वनरक्षकेनं त्याला उचलून परत ठेवलं. ते पुन्हा उठलं. सिस्टर गाडीआड लपली, तर ते गाडीला वळसा घालून तिच्या पायांपाशी आलं आणि तिच्या स्वेटरकडे तोंड वर करून उभं राहिलं. तिनं हात मागे बांधून घेतले होते.

तेव्हा वनरक्षकेनं हळूच वर बोट केलं. समोरच्या चढावर झाडांच्या कडेला हरणी उभी होती. कान टवकारलेले, एक पाय उचललेला. किती वेळ उभी होती कोण जाणे. एक पाऊल पुढे यायची आणि आम्हाला बघून मागे व्हायची. आम्ही असेपर्यंत ती खाली येणार नव्हती, आणि सिस्टर असेपर्यंत पाडस वर जाणार नव्हतं.

"तुम्ही निघा," वनरक्षक म्हणाली. "सावकाश गेलात तर ते मागे येत राहील, आईपासून आणखी लांब जाईल. वेगात जा. दमून जितक्या लवकर थांबेल तितकं बरं. आणि काही झालं तरी परत फिरू नका." ती स्वतः उलट्या दिशेला निघून गेली.

मी गाडी सुरू केली. पुढे गवताळ पठारावरून रस्ता सरळ जात होता. सिस्टर समोर बघत बसली. स्वेटरचा पुढचा भाग ओला होता आणि ती तो मुठीत धरून होती. मी आरशात बघितलं. पाडस रस्त्याच्या मधोमध धावत होतं. मी वेग वाढवला.

तिनं शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर मला काही तरी करता आलं असतं. एवढ्या वर्षांनी हौसेनं काढलेला हा प्रवास, आणि माझ्या हातात स्टिअरिंगशिवाय काही नव्हतं.

"येतंय का अजून?" तिनं विचारलं. मान वळवली नाही.

"नाही. थांबलं," मी म्हटलं. "वळलं बहुतेक. आईकडे गेलं."

तिनं श्वास सोडला. मूठ सैल झाली.

"मग आता सावकाश घ्या," ती म्हणाली.

मला सावकाश घेता येईना. आरशात ते लहान होत चाललं होतं, पडत होतं, उठत होतं, पण येतच होतं. माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघेना. मी काही तरी कारण शोधत होतो आणि मला एकही सुचत नव्हतं.

सिस्टरनं वेगाच्या काट्याकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे. मग तिनं बटणं सोडून स्वेटर काढला, मांडीवर त्याची घडी घातली आणि म्हणाली, "आणखी जोरात घ्या."