मुराळ्याचे पाय

माहेरी न्यायला मुराळी आला की लेकीनं आधी ऊन पाण्यानं त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवून जेवू घालायचं, आणि मगच गाडीत पाय ठेवायचा. केसरला हे कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. मायचं पाहत ती करत आली होती. दर संक्रांतीला भाऊ बंकट बालाघाट उतरून निजामाची सरहद्द ओलांडायचा आणि नगरला तिच्या सासरी यायचा. तो परतला की माय पहिलं हेच विचारायची, पाय धुतले का.

यंदा बंकट तापानं पडला होता आणि मायनंही अंथरूण धरलं होतं. म्हणून तिचे वडील आप्पा स्वतः गाडी जुंपून आले. डोक्यावरून घोंगडी, पायांना बोट शिरेल अशा भेगा, काखेत हुरड्याचं गाठोडं. केसरचे यजमान साहेबाबरोबर फिरतीवर होते. सोप्यात शेजारच्या वकिलीणबाई बसल्या होत्या.

"कोण गं हा?" त्यांनी विचारलं.

"माहेरचा गाडीवान," केसर म्हणाली.

आप्पांनी पायरीवर टाकलेला पाय मागे घेतला. गाठोडं ओट्याच्या कडेला ठेवलं आणि ते बैलांकडे गेले. वकिलीणबाई दिवेलागणीला उठल्या. केसर ताट वाढून बाहेर आली, तोवर आप्पांनी गाडीच्या चाकाला टेकून आपली शिदोरी सोडली होती. पोट भरलंय म्हणाले. रागावलेले दिसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पहाटे ते निघाले. सरहद्दीच्या नाक्यावर जवानानं गाडीतलं सामान चाचपलं आणि विचारलं, "बाई कौन लगती तेरी?"

"मालकीन हायत," आप्पा म्हणाले. "मी गाडीवान."

इथं वकिलीणबाई नव्हत्या. बाप आहे माझा, एवढंच म्हणायचं होतं. केसरनं पदर पुढं ओढला. पहिलं खोटं तोंडातून निसटलं, अशी स्वतःची समजूत तरी घालता आली असती. हे दुसरं तिनं नीट गप्प बसून केलं.

कडा गाव मागं पडलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत घाट लागला. दहिवरानं गवत पांढरं पडलं होतं, बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या. आप्पांनी घोंगडी काढून तिच्या अंगावर टाकली आणि खाली उतरून चालू लागले. तिनं गाडीत बसायला सांगितलं, तर म्हणाले, बैलाला चढ आहे. घोंगडीला कडब्याचा आणि तंबाखूचा वास येत होता. ती तोंड झाकून रडत होती, आणि चाकांच्या कुरकुरीत ते ऐकू जात नाही असं तिला वाटत होतं.

"मालकीनबाई," आप्पा मागं न बघता म्हणाले, "गाडीवानाला चिमूटभर तंबाकू तरी मिळंल का? चंची घोंगडीत ऱ्हायली, तुमच्यापाशी हाय."

ते थट्टा करत होते. तिला हसवायलाच करत होते, आणि तेच तिला सोसवेना. चंची देताना तिनं मनाशी ठरवलं, घरी गेल्याबरोबर मायला सगळं सांगायचं.

घरी भावजय तुळजानं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि केसरच्या पायांवर ऊन पाणी ओतलं. आतून मायचा बारीक आवाज आला. "केसरे, आप्पाचे पाय धुतलेस का गं?"

केसरनं तोंड उघडलं. पण अंगणात बैल सोडता सोडता आप्पाच बोलले, "धुतले की. ऊन पानी, पाट, वर तुपाची धार. लई केलं पोरीनं."

"मला ठावं हाय ना," माय म्हणाली. तिच्या ओढलेल्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलंय, हे तुळजानं नंतर केसरला सांगितलं.

आप्पा ओट्यावर टेकले, तेव्हा घंगाळात पाणी उरलं होतं. केसरनं तांब्या भरून घेतला आणि त्यांच्यापुढं बसली. चार दिवसांची धूळ भेगांत पांढरी होऊन बसली होती. तिनं पायाला हात लावला. आप्पांनी पाय मांडीखाली ओढून घेतला.

"आता न्हाई, पोरी," ते हळूच म्हणाले. "तुजी माय बघंल."

मायचं अंथरूण दाराच्या समोरच होतं. केसर तांब्या धरून तशीच बसली. हातातलं पाणी निवत गेलं. आत माय तुळजाला सांगत होती की केसरनं आप्पांच्या पाटाभोवती रांगोळीसुद्धा काढली असेल, तिची सवय तिला माहीत आहे.