झालं म्हटल्यानंतरचा फोटो

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, सत्तेची नव्हे. वेताने विणलेली, दोन हातांची, घरातली साधी खुर्ची. बाबांनी मला सुताराकडून हौसेने करून घेतलं आणि खिडकीपाशी आणून ठेवलं. ते निवृत्त झाल्यावर तर आमची गट्टीच जमली. पेपर, चहा, दुपारची डुलकी, सगळं माझ्यावरच.

मग मुलाने घरातच फोटोंचा धंदा मांडला. लग्नाबिग्नाचे नव्हेत. घरगुती प्रसंग रचायचे, फोटो काढून इंटरनेटवर ठेवायचे. जाहिरातवाले हवा तो विकत घेतात. मला पिवळा रंग फासून भिंतीशी ओढलं. तेव्हापासून आमच्या बैठकीच्या खोलीत काय काय थेरं चालतात म्हणून सांगू! लोक रिकाम्या कपातून चहा पितात, बंद लॅपटॉपकडे बघून खदखदा हसतात, आणि सकाळीच ओळख झालेली माणसं नवरा-बायको होऊन भाजी चिरतात. भाजी तेवढी खरी. ती संध्याकाळी आमच्याकडेच शिजते.

एकदा ठरलेले आजोबा आलेच नाहीत. "बाबा, तुम्हीच बसा ना," मुलगा म्हणाला. बाबा हरखले. दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला, आणि नातवाशी फोनवर बोलल्यासारखं करत गाल दुखेपर्यंत हसले.

"झालं, बाबा. आता आराम करा."

बाबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि डोकं हातात धरून मान खाली घातली. दमले होते, दुसरं काही नाही. तेवढ्यात खटकन आवाज आला. मला वाटलं, दिवा बंद केला असेल.

हसरे फोटो कुणी विकत घेतले नाहीत. पुढे एक दिवस शेजारचे काका दवाखान्यातून तडक आमच्याकडे आले आणि बाबांचा हात धरून म्हणाले, "अहो, घरात एवढं झालं, आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

दवाखान्याच्या भिंतीवर एका वृद्धाश्रमाची जाहिरात होती. माझ्यात बसलेले बाबा, डोकं हातात. खाली ठळक अक्षरांत, 'मुलांनी टाकलं? आम्ही आहोत.'

बाबा स्वतः जाऊन बघून आले. "तू तर झालं म्हणाला होतास," एवढंच मुलाला म्हणाले.

"बाबा, तो फोटो काय तुम्ही आहात म्हणून घेतात का? कुणीतरी एकटा म्हातारा, बस. कोण कुठे लावतं ते आपल्या हातात नसतं. आणि किती चाललाय माहितीये तो!"

त्या दिवसापासून बाबा माझ्यावर टेकलेले नाहीत. पाठ दुखली तरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पेपर वाचतात. मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो आमच्या दिवट्या चिरंजीवांचा. विश्वासाने सैलावून बसलेला बाप त्याने विकला.

आज 'सुखी बाप-लेक' हा प्रसंग होता. बाबा बसणार नाहीत, म्हणून गोबऱ्या गालांचे एक आजोबा भाड्याने आणले. मुलगा स्वतःच लेक झाला. कॅमेरा आपोआप खटकत होता. त्याने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून विचारलं, "बाबा, दमलात का?" इतक्या मायेने, की मी चकितच झाले. या घरात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बाबा चहा घेऊन दारात आले होते. "नाही रे," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मुलाने मान वळवली. "बाबा, जरा मागे व्हा. सावली पडतेय."

बाबा मागे झाले. चार पाय असून मला त्यांच्यामागे जाता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जा हो त्यांच्याजवळ.