आठ सेंटीमीटर जास्त

ऑफिसात त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. त्यात चुकीचं काय म्हणा, खिशात एखाद दिवशी पेन नसेल, पण मोजपट्टी असणारच! नगररचना खात्यात जाहिरात फलकांचं टेबल त्यांचं, आणि तेही सुटीचं नव्हे, सूटवालं. कुठल्या बोर्डाला परवानगी लागत नाही, एवढंच तिथे सांगायचं. लहान पाटी असेल तर सूट. दुकानाच्या आत, खिडकीपासून मीटरभर मागे असेल तर सूट. चालत्या वाहनावर असेल तर सूट. एकोणतीस वर्षं हेच घोकून घोकून हा माणूस झोपेतसुद्धा "बसत नाही, काढा" असं बरळायचा.

त्यांची एक खोड होती. ते बोर्ड मोजत, वाचत मात्र कधीच नसत. "वाचलं की मन पाघळतं," असं त्यांचं म्हणणं. "कुणी वडिलांचं नाव घातलेलं असतं, कुणी लेकीचं. मग नोटीस लिहायला हात धजत नाही. आपण कडा बघायच्या आणि आकडा लिहायचा." या सवयीपायी ज्या दुकानात ते वीस वर्षं चपला घेत होते, त्याचं नावसुद्धा त्यांना सांगता आलं नसतं.

आता जूनअखेरच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्याबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत. बायकोने विषय काढलाच तर टीव्हीचा आवाज वाढवायचा. खरं सांगायचं तर त्यांची चांगलीच टरकली होती. सकाळी उठून, दाढी करून, मग जायचं कुठे? मोजायचं काय?

बायकोचं मात्र वेगळंच सुरू होतं. इतकी वर्षं मागच्या खोलीत बसून शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईने मशीन रस्त्याकडच्या खोलीत आणलं, दार उघडं टाकलं आणि दारावर बोर्ड लावला. तीन दिवसांत सात गिऱ्हाइकं आली, तीसुद्धा अनोळखी. बाई नुसती फुलून गेली होती.

साहेब दौऱ्यावरून परत आले ते दारातच थबकले. बॅग खाली, मोजपट्टी बाहेर.

"साठ बाय अठ्ठावन्न," ते म्हणाले. "अगं, सूट साठ बाय पन्नासला आहे. आठ सेंटीमीटर जास्त होतंय."

"मग?"

"मग काय? खालची ओळ काप. बरोब्बर बसेल."

"खालची ओळ नाही कापायची मी."

"का?"

"वाचा, म्हणजे कळेल."

"मी वाचत नसतो."

"मग मी कापत नसते."

दुसऱ्या दिवशी या गृहस्थाने काय करावं? स्वतःच्या हाताने नोटीस लिहिली, शिक्का मारला आणि चहाच्या वेळी बायकोपुढे ठेवली! आठ दिवसांत फलक न काढल्यास खातं काढून नेईल.

"खातं म्हणजे कोण?" तिने सही करता करता विचारलं.

"म्हणजे मीच."

"बरं. स्टूल माळ्यावर आहे. जपून चढा, त्याचा एक पाय डुगडुगतो."

त्या रात्री साहेबांना वाईट वाटत होतं, नाही असं नाही. सात गिऱ्हाइकांची गोष्ट तिने त्यांना तीनदा सांगितली होती. बोर्ड गेला तर त्या गल्लीत आत काय चाललंय हे कुणाला कळणार? पण नियम तो नियम. मग त्यांनी सूट शोधायला सुरुवात केली.

आधी बोर्ड आत घेतला. खिडकीपासून मीटरभर मागे म्हणजे नेमका मशीनसमोर. बाई बोर्डामागे गडप झाली आणि आलेलं गिऱ्हाईक बोर्डालाच परकर दाखवून "कधी मिळेल?" विचारू लागलं. वर सगळा उजेड अडला तो वेगळाच. दुपारपर्यंत सुई दोनदा बोटात घुसली.

"चुलीत घाला तुमचा मीटर," ती म्हणाली.

राहिलं वाहन. साहेबांनी सायकल काढली, कॅरिअरला बोर्ड बांधला आणि संध्याकाळी गल्लीतून फेऱ्या सुरू केल्या. सायकल चालती हवी, उभी राहिली की सूट संपली. एक आजोबा पँट हातात घेऊन मागे धावू लागले.

"अहो, थांबा की! कंबर सैल करायचीय!"

"थांबता येत नाही!" साहेब मान वळवून ओरडले. "थांबलो की जाहिरात होते!"

सहाव्या फेरीला समोरून त्यांच्या वरिष्ठ बाई आल्या, वयाने त्यांच्या लेकीएवढ्या. त्यांनी हात आडवा केला. साहेब उतरले आणि सायकल मागेपुढे हलवत राहिले. धापा टाकत सगळी हकिगत सांगितली. बाईंनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला आणि हसू दाबलं.

"साहेब, परवानगीचा अर्ज का नाही केलात?"

साहेबांचे हात थांबले. परवानगीचं टेबल त्यांच्या टेबलासमोरच होतं. एकोणतीस वर्षं ते लोकांना परवानगीतून सोडवत आले होते. ती मागताही येते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते अर्ज घेऊन घरी आले. एकच पान. लांबी, रुंदी, अक्षरांची उंची, सगळं न बघता भराभर लिहिलं. पुढचा रकाना होता, फलकावरील संपूर्ण मजकूर.

"अगं," ते आत बघून म्हणाले, "काय लिहिलंय गं बोर्डावर?"

मशीन थांबलं. "उठा आणि वाचा."

साहेब चष्मा लावून, सायकलवरून उतरवून ठेवलेल्या बोर्डापुढे उभे राहिले. कडांवरून नजर काढून मधे आणायला त्यांना जरा वेळच लागला. वर मोठ्या अक्षरांत होतं, 'कपड्यांची शिलाई आणि दुरुस्ती'. आणि खालच्या ओळीत, 'मापं आमचे हे घेतील. जुलैपासून, रोज.'

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. आणखी एकदा वाचली. मग चष्मा काढून पुसला, पण दिसेना ते दिसेनाच, कारण पाणी काचेवर नव्हतं. एवढे दिवस ज्याच्या भीतीने झोप लागत नव्हती, त्याची सोय ही बाई करून बसली होती, आणि आपण तिला आठ दिवसांची मुदत देत होतो.

बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"बोला आता," ती म्हणाली. "कुठली ओळ कापू?"

साहेबांनी अर्जावर लिहिलेले अठ्ठावन्न खोडले.

"अर्ज करायचाच आहे ना," ते म्हणाले, "मग जरा मोठाच करून घेऊ. खालची ओळ फार बारीक झालीय."